दुपारी दोन ते चारच्या वाचक

चारफाटा मागे पडून तासभर झाला असेल. ऊन कोवळं होतं, पण रस्त्यावर डंपर सुरू झाले होते, म्हणून आम्ही दोघी कडेच्या मातीतून एकामागे एक चाललो होतो. मी पुढे, विनिता मागे. दर संकष्टीला भिसेगावातून कडावच्या गणपतीला पायी जायचं हा माझा नेम आहे आणि गेली नऊ वर्षं विनिता सोबत येते. ती उपास धरत नाही. "चालनं माझं, उपास तुमचा," असं म्हणते. त्या दिवशी मात्र तिचं चालण्यातही लक्ष नव्हतं. दर दहा मिनिटांनी पिशवीतून एक कागद काढायची, बघायची, परत घडी घालायची.

"अगं, बघून नावं वाढणार आहेत का त्यातली?"

"बारा हायत, ताई. चौदा पायजेत."

"माहीत आहे."

"रविवारपर्यंत."

"तेही माहीत आहे. मागून गाडी येतेय, आत हो."

कागदाचं प्रकरण सांगते. विनिताचं माहेर खालापूर तालुक्यात, मोहोपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या मंडळाचे अध्यक्ष गजाभाऊ मला ओळखतात. चैत्रात गावात देवीचा उत्सव असतो. पालखी घरोघर फिरते, सगळ्या लेकी माहेरी येतात, देवीची ओटी भरतात. उत्सवात दोन दिवस कबड्डीचे सामने असतात. पूर्वी मुलींचेही व्हायचे. बारा वर्षांपूर्वी मंडळाने ते बंद केले, बघायला कोणी येत नाही म्हणून. विनिताने यंदा मागणी केली की पालखीच्या दुसऱ्या दिवशी माहेरवाशिणींचा एक सामना घ्या. ज्या लेकी एकेकाळी गावाकडून खेळल्या त्यांचेच दोन संघ करा.

गजाभाऊंनी विचारलं, "बघायला कोन येनार? आन खेळायला तरी कोन येनार?"

"येतील. माझ्याकडं आकडे हायत."

"आकडे मैदानात उतरत नाय, विने. चौदा जनींच्या सह्या आन. फोनवरचं हो हो नाय चालनार, कागदावर सही पायजे. शिमग्याच्या आधी रविवारची बैठक हाय, तवर आन. एक जरी कमी पडली तर हा विषय पुन्हा काढायचा नाय."

हे झालं पंधरा दिवसांपूर्वी. तेव्हापासून विनिता खोपोली, पनवेल, कामोठे, नेरळ असं फिरून बारा सह्या घेऊन आली होती. उरल्या होत्या दोघी. एक कडावची हर्षला. दुसरी कडावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला वाडीवर दिलेली आवडी. म्हणून त्या संकष्टीला आमचं चालणं गणपतीपाशी थांबणार नव्हतं.

आता हे आकडे कुठले, ते सांगायला हवं.

विनिता स्टेशनजवळच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला आहे. उत्पन्नाचा दाखला, आधारमधला नावबदल, सगळ्या सरकारी योजनांचे अर्ज. मराठी टायपिंग तिच्याइतकं भराभर करणारं कर्जतात दुसरं कोणी मी पाहिलं नाही. बावीस वर्षांची असताना सामन्यात तिचा उजवा गुडघा गेला. मग ती मैदानाच्या कडेला बसून वहीत सामने लिहायला लागली. कोणी चढाई केली, कोणाला कोणी कसं धरलं, पंच कुठे चुकला, सगळं. लग्नात रुखवताबरोबर अशा नऊ वह्या भिसेगावात आल्या. सासूबाईंना वाटलं पाककृती असतील.

टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा तिने त्या वह्या मोबाइलवर उतरवायला घेतल्या आणि ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'पकड'. कर्जत-खालापूरच्या मुलींची कबड्डी, दुसरं काही नाही. जुने सामने वह्यांमधून आणि नवे सामने जिथे होतील तिथे स्वतः जाऊन. तिचा नवरा रूपेश मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर असतो. तो सगळ्यांना सांगायचा, "लिहिनारी बी हीच, वाचनारी बी हीच." विनिताने एक दिवस मोबाइल त्याच्यासमोर धरला. ब्लॉगमध्ये स्वतःच्या भेटी मोजू नका अशी सोय असते, ती तिने पहिल्या दिवसापासून लावून ठेवली होती. "हे बघ. मला सोडून आठवड्याला तीनशे चाळीस." त्यानंतर रूपेशने ते वाक्य बदललं. आता तो म्हणतो, "तीनशे चाळीस रिकामटेकडे."

ते रिकामटेकडे कोण, हे शोधण्यात विनिताची तीन वर्षं गेली. ब्लॉगच्या मागच्या बाजूला एक पान असतं. किती जणांनी वाचलं, कधी, कुठून, काय शोधत आले, याच्या रेघा आणि आकडे असतात त्यात. लोक रात्री देवाचं म्हणतात तशी ही रात्री जेवणं झाली की ते पान बघते. सुरुवातीला तिचा अंदाज होता की वाचणारे पुरुष असतील, मंडळांचे कार्यकर्ते, पंच. तसं असतं तर रविवारी सामने संपल्यावर रेघ चढायला हवी होती. रविवारी ती तळाला असायची. सोमवार ते शुक्रवार चढायची, आणि चढायची कधी, तर दुपारी दोनला. चारला खाली. घड्याळ लावल्यासारखी.

"ताई, दुपारी दोन ते चार कामावरचा मानूस काय वाचनार? पोरं शाळेत, भांडी घासून झालेली, सासू लवंडलेली. त्या वेळंला कोन मोकळं असतं?"

ती मला हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी अंगणवाडीतून येऊन मोबाइल हातात घेऊनच बसले होते. घड्याळात अडीच वाजले होते. मी मोबाइल पालथा ठेवला.

गावांवरून तिला काही कळलं नाही. आपल्या इकडचा माणूस त्या पानावर मुंबईचा दिसतो, नेटवर्क तिकडचं असतं म्हणून. सुरत दिसायचं, पुणे दिसायचं, उल्हासनगर दिसायचं. बाकी सगळी 'मुंबई'. कळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. नव्या सामन्यांपेक्षा वीस वर्षांपूर्वीचे सामने जास्त वाचले जात होते. दोन हजार सहाचा एक सामना, रसायनीच्या मैदानावरचा, एका गुणाने जिंकलेला, तो तर कायम वरच. 'मुंबई'तून कोणीतरी तो एकटाच सामना एकोणीस वेळा उघडला होता. एकोणीस वेळा! जिंकलं कोण हे माहीत असताना माणूस तेच तेच कशाला वाचेल?

आणि मग विनिताने ती चूक केली.

कोणाच्या तरी दिराने तिला दुकानात येऊन सांगितलं, अगदी नीट बोलून, की आमच्या वहिनीचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, तिला दोन मुलं आहेत, तिचं नाव असं बापाच्या नावाने लिहिता हे बरं दिसत नाही. विनिताला ते पटलं. दिवसभर नावबदलाचे अर्ज भरणारी बाई ती. लग्न झालं की नाव बदलतं आणि ते सगळीकडे एकसारखं असावं लागतं, नाहीतर अर्ज परत येतो, हे ती रोज लोकांना सांगते. तिने पंधरा दिवस बसून झाडून सगळ्या जुन्या सामन्यांतली नावं बदलली. जिचं लग्न जिथे झालं तिथलं नाव, पुढे सौभाग्यवती. काही जणींची तर सासरी पहिली नावंही बदललेली, तीही चौकशी करून घातली. काम चोख झालं म्हणून मला दाखवायला आली. मीही शाबासकी दिली.

पुढच्या महिन्यात रेघ निम्म्यावर आली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी खाली. विनिताने माझ्या ओट्यावर बसून कधी नव्हे ते म्हटलं, "बंद करते, ताई. लोकांना कंटाळा आला." मी तिला घाई करू नकोस एवढंच म्हणाले.

मग तिने लोक काय शोधत आले ती यादी उघडली. आणि त्या यादीत होती नावं. नुसती नावं. बाईचं नाव, बापाचं नाव, गाव. तिने पुसून टाकलेली. रोज कोणीतरी आपलं जुनं नाव टाकून विचारत होतं आणि 'पकड' सांगत होता, असं कोणी इथे नाही.

"बाया सोताला शोधत होत्या, ताई," विनिता मला म्हणाली. "आन मी त्यांना घराबाहेर काढलं."

सगळी नावं तिने परत पहिल्यासारखी केली. ह्या वेळी पंधरा दिवस नाही, पाच रात्री लागल्या. त्या दिराला निरोप दिला की, "भाऊ, ज्या दिवशी तिनं ती पकड केली त्या दिवशी तिचं जे नाव होतं तेच राहील." दोन महिन्यांत रेघ जागेवर आली.

एक गंमत राहिली. मे महिन्यात आणि गणपतीत ती रेघ आडवी झोपते. पहिल्या वर्षी विनिता घाबरली होती. नंतर तीच हसून म्हणाली, "माहेरी गेल्यावर माहेर कशाला वाचायला पायजे?"

तेव्हापासून तिच्या डोक्यात माहेरवाशिणींचा सामना आहे. चैत्रात पालखीला ह्या सगळ्या जणी गावात असतात. नवऱ्याला, सासूला नवं काही विचारायचं नसतं. फक्त मैदान हवं, आणि दुपारी दोनची वेळ.

तर आम्ही कडावला पोचलो. दर्शन झालं. मी देवाकडे काय मागितलं ते सांगत नाही. विनिताने हात जोडले आणि लगेच घंटेखाली कागद उघडून बघितला. "देवासमोर तरी!" मी म्हणाले, तर म्हणते, "त्याला बी कळू दे किती कमी हायत."

हर्षलाचं घर गोठ्याचं. चार म्हशी, दुधाचा रतीब. फोनवर तिने विनिताला दोनदा सांगितलं होतं, "सासूबाईंना विचारून सांगते," आणि दोन्ही वेळा विचारलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ती शेणाची पाटी उचलत होती. विनिताला बघून पाटी तिथेच ठेवली.

"विने! सांगून नाय यायचं?"

"सांगितलं असतं तं तू बाजाराला गेली असतीस."

ओट्यावर हर्षलाची सासू हिरूबाई वाल सोलत बसल्या होत्या. पाय पसरलेले, कान आमच्याकडे. आम्ही पाया पडलो. पाणी झालं, उपासाचं म्हणून मला केळं मिळालं. विनिताने कागद काढला आणि सरळ हिरूबाईंच्याच पुढे ठेवला.

"आत्या, तुमच्या सुनंला एक दिवस कबड्डी खेळायला पाठवा."

हिरूबाईंनी वाल सोलणं थांबवलं नाही. "कुनाला? हिला? चाळिशी लागली तिला. कंबर मोडली तं म्हशी कोन काढंल? तू येशील कर्जतावरून?"

"येईन."

"तुला म्हस लाथ मारंल."

"मारू दे. पकडीन मी तिची लाथ."

हर्षलाला हसू फुटलं, ते तिने पदरात घातलं. हिरूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमी शाळंतल्या बाई ना? तुमाला इचारते. ही रोज दुपारची मी पडले की मोबाईल घेऊन खिडकीत बसते. मी झोपत नाय. डोले मिटलेले असतात फकस्त. ही काय तरी वाचते आन एकटीच मान हलवते. पहिलं मला वाटलं कुनाशी बोलते. काय सांगावं, आजकाल ऐकतो आपन. म्हनून एक दिवस पोराला बोल्ले, बघ रं बायकोचा मोबाईल. त्यानं बघितला. बोल्ला, आई, खेळाचं काय तरी हाय, जुनं."

हर्षलाचा चेहरा उतरला होता. "तुम्ही बोलला नाय कधी."

"तू तरी कुटं बोल्लीस?"

विनिता एकदम पुढे सरकली. "हर्षे, कोनता सामना? रसायनीचा? एका गुनाचा?"

हर्षलाने मान हलवली.

"एकोनीस वेळा?"

"मोजलं नाय मी," हर्षला म्हणाली. मग पदर सारखा करत, "जास्तच असंल."

इतकी वर्षं रात्री जो आकडा बघितला होता त्याला विनिता आता समोरासमोर बघत होती. तिने मोबाइल काढला, तो सामना उघडला आणि हिरूबाईंना वाचून दाखवायला लागली. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. समोरच्या संघाची दांडगी मुलगी चढाईला आलेली. हर्षलाने खाली बसून तिचा घोटा धरला, ती फरफटत मध्यरेषेपर्यंत गेली, पण घोटा सुटला नाही. कोपराची सालटं निघाली. वाचताना विनिताने हर्षलाचं नाव पूर्ण वाचलं, बापाच्या नावासकट.

हिरूबाई वाल विसरल्या होत्या. "फरफटत गेलीस?"

"हो."

"आन सोडलं नाय?"

"नाय."

"म्हंजे ते कोपरावरचं..."

"हो, तेच."

"मला बोल्लीस लहानपनी पडले म्हनून!"

"लग्न ठरत होतं तवा. आईनं तसंच सांगायला लावलं."

हिरूबाईंनी वालाची सालं झटकली. "साडीवर नाय ना खेळायचं?"

"नाय आत्या, ट्रॅकपँट, टी-शर्ट."

"मंग ठीक हाय. पन मी बघायला येनार. टेंपो पाठवायचा मला न्यायला. मोटरसायकलवर बसनार नाय मी, सांगून ठेवते."

हर्षलाने कागद गोठ्याच्या भिंतीला टेकवला. पेन हातात घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा माहेरचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर घाबरून विनिताकडे बघितलं. "हेच लिवलं गं. चालंल?"

"चालंल म्हंजे? हेच पायजे."

तेरा झाल्या.

वाडीकडे जाताना विनिता जवळजवळ पळत होती. मी मागून ओरडत होते, अगं गुडघा, गुडघा. आवडीचं तिला विशेष होतं. ब्लॉगवर शोधून येणाऱ्या नावांत आवडी सगळ्यात वर. पण ते शोधणारी आवडी नव्हती, बाकीच्या होत्या. तिच्याबरोबर खेळलेल्या, तिच्याविरुद्ध खेळलेल्या. गावच्या वरच्या ठाकूरवाडीतून ती शाळेत यायची, अनवाणी खेळायची, आणि चढाईला गेली की पलीकडच्या पोरी नुसत्या मागे सरकायच्या. आपल्याबद्दल कोणी काही लिहिलंय हेच तिला माहीत नव्हतं. तिच्याकडे फोन नव्हता.

वाडीवर निम्म्या घरांना कुलपं होती. आवडीच्या दाराला दोरी बांधलेली. शेजारून तिची जाऊ सुनंदा बाहेर आली.

"आवडी नाय. भट्टीवर गेलीत सगली."

"कुठल्या वीटभट्टीवर?"

"घाटावर. नाव नाय माहीत. पाऊस तोंडाला आला की येतील."

पाऊस म्हणजे जून. सामना चैत्रात. विनिता त्या बांधलेल्या दारासमोर उभी राहिली. मला वाटलं आता रडते, पण तिने पुन्हा मोबाइल काढला आणि सुनंदाला आवडीचा एक सामना वाचून दाखवला. एका चढाईत आवडीने तिघींना बाद केलं होतं. सुनंदा ऐकताना तोंडाला हात लावून उभी होती.

"ही आमची आवडी?"

"तुमचीच. कर्जत-खालापुरात तिला सगळ्यात जास्त बाया वाचतात. तिला सांगा आल्यावर. सांगाल ना?"

सुनंदाने कागद बघितला, आणि कशासाठी हे कळल्यावर फार सहज म्हणाली, "मंग अंगठा मी देते. आवडीचा म्हनून. कोन बघतंय?"

मी विनिताकडे बघितलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं की देऊ दे. तेरा सह्या खऱ्या आहेत, एका अंगठ्याने काय होतंय. संकष्टीचा दिवस, नुकतीच देवासमोरून आलेले, तरी मनात आलं.

विनिता म्हणाली, "मैदानात उतरशील का तू?"

"मी? छ्या! मला काय येतंय?"

"मंग नको. खोट्या अंगठ्यावर आवडीचं नाव नाय लिहिनार मी."

आम्ही परत कडावकडे निघालो. रस्त्याला एक मोरी लागते, तिच्या कठड्यावर विनिता बसली. मी म्हटलं, गजाभाऊंना आठवडाभर मागून बघ, तेरा काही कमी नाहीत.

"नाय. ते बोलतील, बघ, मी सांगितलंच होतं. त्यांना तेवढंच पायजे."

"मग?"

तिने पेन मागितलं. कागद उजव्या मांडीवर ठेवला, आणि चौदाव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. विनिता, पुढे वडिलांचं नाव, पुढे गाव. मग सही केली, ठसठशीत.

"वेडी झालीस का? डॉक्टरने काय सांगितलंय?"

"पळू नको, असं सांगितलंय. मी चढाईला जानारच नाय. कोपऱ्यात उभी राहीन. जी येईल तिचा पाय धरीन."

"आणि तिने हिसका दिला तर?"

"तं फरफटत जाईन. हर्षी गेली ना?"

"ती वीस वर्षांची होती."

"मी बेचाळीस. गुडघा बांधून खेळीन. ताई, दीड महिना हाय. सकाळचं चालनं वाढवूया आपन. तुमी माझ्यावर ओरडा, पन कागद फाडू नका."

मी कशाला फाडेन? मी फक्त देवाचं नाव घेतलं.

रविवारच्या बैठकीला मी नव्हते. तिथे काय झालं ते विनिताने सांगितलं, आणि दोन दिवसांनी गजाभाऊ कर्जतात भेटले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, म्हणजे खरं असणार. गजाभाऊंनी चष्मा लावून एकेक नाव बोट ठेवून मोजलं. बहुतेक नावं त्यांना आठवत होती. "ही बाळारामची ना? हिनं आमच्या काचा फोडलेल्या." मंडळी हसत होती. चौदाव्या नावाला बोट थांबलं.

"ही तू?"

"मी."

"तुझा तं गुडघा गेलेला."

"गुडघा माझा हाय, भाऊ. मंडळाचा नाय."

कोणीतरी म्हणालं, देऊन टाका संध्याकाळी सहाची वेळ, पुरुषांच्या सामन्याआधी. विनिता म्हणाली, सहाची नको. सहाला बायांना चहा, देवाची दिवाबत्ती, पाहुणे. दुपारी दोनला द्या.

"चैत्राच्या उन्हात? कोन येनार बघायला?"

"त्याच वेळंला येतील. सहा वर्षं बघत आलेय मी. दोनला येतात, चारला जातात. तुमी फक्त मंडप घाला."

गजाभाऊंनी थोडा वेळ मोबाइलमधल्या रेघा बघितल्या. त्यांना त्या कळल्या नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. पण कागदावरच्या चौदा सह्या त्यांना कळल्या. दोन वाजताची वेळ पत्रिकेत छापायला गेली.

आता आमचं चालणं रोजचं झालंय. पहाटे भिसेगावातून नदीपर्यंत आणि परत. विनिता गुडघ्याला पट्टा बांधते आणि मधेच थांबून वाकून हवेतले घोटे धरते. फिरायला येणारी माणसं वळून बघतात. रूपेशने तिला जाडजूड निकॅप आणून दिली आणि म्हणाला, "तीनशे चाळीस रिकामटेकड्यांची इज्जत हाय, नीट खेळ."

परवा परत येताना, दम लागलेला असताना, ती थांबली आणि म्हणाली, "ताई, एक काम हाय. तुमीच करायचं."

मला वाटलं, हिरूबाईंच्या टेंपोचं असेल.

"मी खेळनार. मंग सामना लिहिनार कोन? सहा वर्षांत एक पन सामना दुसऱ्यानं लिवलेला नाय. ह्यो तुमी लिवायचा. कडेला वही घेऊन बसायचं. कोनी चढाई केली, कोनी कसं धरलं, सगळं."

"मला त्यातलं काय कळतं?"

"दिसंल ते लिवा. नाय कळलं तं बाजूच्या बाईला इचारा, ती खेळलेलीच असंल. सोमवारी सगळ्या सासरी पोचतील, मंगळवारी दुपारी बघतील, त्याच्या आधी चढवायचं. आन माझं लिवताना हात आखडायचा नाय. माझ्या हातातून पाय सुटला तं सुटला लिवा. पहिल्या मिनिटाला बाहेर बसले तं तसं लिवा. तुमची मैत्रीन म्हनून 'दुर्दैवाने' असं एकदा पन लिवू नका."